शनिवारचा सांधा

१

मंगळवारी सकाळी दहा वाजता पाथरीच्या सायन्स कॉलेजातलं रसायनशास्त्राचं कपाट उघडलं, तेव्हा आतली वही गेलेली होती.

वही साधीच, काळ्या पुठ्ठ्याची. पण तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या पंचफुलामॅडमची पाच वर्षांची मेहनत तिच्यात होती. नवल म्हणजे कपाट कुणी उघडल्याची काही खूणच दिसत नव्हती. कपाटाचं कुलूप मोडकं होतं, म्हणून मॅडम दोन्ही दारांवर आडवी एक रबरी पट्टी चिकटवून ठेवायच्या, वीतभर लांब आणि बोटभर रुंद. एकदा सोडवलेली पट्टी परत चिकटायची नाही, म्हणून ती न तोडता गुपचूप दार उघडणं शक्य नव्हतं, आणि पट्टी तर अखंड होती.

प्राचार्यांनी अकराच्या आत किशनराव घुंबऱ्यांना बोलावणं धाडलं. किशनराव पोलीस नव्हते. तीस वर्षं त्यांनी वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंतच्या आडत दुकानांतली खोटी वजनं त्यांनी नुसती तळहातावर तोलून ओळखली होती. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पाय घरात ठरत नव्हते. बायको गेल्यापासून तर सकाळ-संध्याकाळ सेलू रोडने चालत सुटायचे.

"पोलिसात गेलो तर गावात भडका उडेल," प्राचार्य म्हणाले. "दत्तरावांनीच तुमचं नाव सुचवलं. शुक्रवारी पुण्याहून मॅडमच्या कामाच्या तपासणीला मंडळी यायलीत. त्याच्या आत काय ते बघा."

भडका उडेल म्हणाले ते उगीच नव्हतं. चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होतो की उद्या, याच्यावर अख्खा मराठवाडा ताणून बसला होता. अफवा उठल्या म्हणून रविवार दुपारपासून सोमवारभर एसटी बंद होती. चहाच्या टपरीवर माणसं हलक्या आवाजात बोलायची, अनोळखी कुणी आलं की गप्प व्हायची.

विभागप्रमुख दत्तराव दारातच उभे होते. ते किशनरावांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी किशनरावांचा हात धरून टेबलापाशी नेलं आणि पट्टीचे दोन तुकडे दाखवले.

"अखंड दिसत होती, पण अखंड नव्हती," ते म्हणाले. "मधोमध केसाएवढी रेघ होती. कुणीतरी पट्टी कापली, वही काढली आणि कापलेल्या कडा परत दाबून ठेवल्या. आपोआप जुळल्या त्या. किशन, हे रबर स्वतःला सांधतं."

"आणि कधी कापली ते?"

"ते पण तेच सांगतं," दत्तराव म्हणाले.

२

भिंतीवर पंचफुलामॅडमच्या अक्षरातला एक तक्ता होता. पट्टी कापून जुळवली, की सांध्यात जोर हळूहळू भरत जातो. एका तासाने सांधा शंभर ग्रॅम वजनाला तुटतो, एका दिवसाने पाचशेला, तीन दिवसांनी नऊशेला. पुरता भरायला पंधरवडा लागतो. न कापलेली पट्टी चार किलो पेलते.

दत्तरावांनी सकाळी पट्टी एका टोकाला सोडवून कपाट उघडलं होतं आणि मग प्राचार्यांच्या समोरच ती टांगली होती. खाली पारडं बांधून त्यात वजनं टाकायला लावली होती, आश्रुबाला. आश्रुबा हा तिथलाच तरुण प्राध्यापक. सांधा बरोबर नऊशेला तुटला.

"म्हणजे तीन दिवस," आश्रुबा म्हणाला. "मंगळवारातून तीन वजा करा. शनिवार."

शनिवारी दुपारी बारा वाजता पट्टी नवी लावून पंचफुलामॅडम राणीसावरगावला, आपल्या गावी गेल्या. बारापासून पाचपर्यंत प्रयोगशाळेत एकच माणूस होता, तिथला परिचर मुंजाजी. पाचला त्याने कुलूप लावून किल्ली कचेरीत दिली. रविवारी कॉलेज बंदच.

"आपण दोघं तर शनिवारी येलदरीला होतो," दत्तराव म्हणाले. ते खरंच होतं. एकच्या जीपने दोघं धरणावर मासे आणायला गेले, ते रात्री आठला परतले. वाटेत दत्तराव नेहमीसारखे गप्पा मारत नव्हते, एवढं किशनरावांना आठवलं.

मुंजाजीचं नाव कुणीच घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. मुंजाजी भीमनगरातला, नामांतराच्या सभेत पुढे बसणारा. प्राचार्यांनी किशनरावांकडे पाहिलं.

"हिशेब तर शनिवारचाच दिसतो," किशनराव म्हणाले.

हे वाक्य तोंडातून गेलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दिवे लागायच्या वेळी किशनराव बाजारातून चालले होते, तर किराणा दुकानाच्या पायरीवर कुणीतरी म्हणत होतं, "नामांतरवाल्यांनी कॉलेजातली वही जाळली म्हणे. वजनमापवाल्या सायबांनीच शोधलं."

३

बुधवारी सकाळीच ते भीमनगरात गेले. मुंजाजीच्या दारात गाठोडी बांधलेली होती. त्याची बायको सरजाबाई उंबऱ्यात बसली होती. तिने किशनरावांना बघून पदर सारखा केला, पण उठली नाही.

"मायला माहेरी धाडायलोय," मुंजाजी म्हणाला. सरजाबाईला तो लेकरांसारखाच माय म्हणायचा. "काल दोन गडी येऊन सांगून गेले, शुक्रवारच्या आत वही आणून दे, न्हाईतर बघ."

"कोण होते?"

"नाव सांगून काय करता सायब? नाव तर तुमी माझं सांगितलंव."

किशनराव म्हणाले, "शनिवारी बारा ते पाच काय केलंस?"

"काचा धुतल्या. मॅडमनं खलबत्ता भिजत टाकलता तो घासला. पाचला किल्ली माणिकराव कारकुनाच्या हातात दिली. रविवारी सकाळच्याला परभणीला मेव्हण्याकडं गेलो. मग गाड्या बंद झाल्या. मंगळवारी पहिल्या गाडीनं आलो ते थेट कामावर."

"परभणीत कुणी पाहिलं?"

"समदी गल्ली. पण तुमाला शनिवार पायजे ना? शनिवारी मला कुणीबी पाहिलं न्हाई."

सरजाबाई पहिल्यांदाच बोलली. "सायब, त्या वहीत कासाबाईच्या पायाचं माप हाय. ह्यांनीच कागदावर पाय ठिवून काढलंय ते. दुसरं कुणी तिच्या पायाला हात लावायला धजत नव्हतं. आपल्याच हातचं माप ह्ये कशाला चोरतील?"

कोण कासाबाई, हे किशनरावांना ठाऊक नव्हतं.

४

पंचफुलामॅडम मंगळवारी अकराच्या गाडीने आल्या, तोवर पट्टी तोडून झाली होती. आता त्या रिकाम्या कपाटासमोर स्टुलावर बसल्या होत्या. वय चौतिशीचं, धनगराच्या घरातली पहिली शिकलेली बाई. रडून झालेलं दिसत होतं.

"कासाबाई माझ्या गावची," त्या म्हणाल्या. "मेंढरं राखती. तिला कुष्ठरोग होता. गोळ्यांनी बरा झाला, पण पाय बधिर राहिले. काटा घुसला, खडा टोचला, काही कळत नाही. मग जखम होती, चिघळती, बोट जातं. अशा पायांना चपलेत मऊ तळवा लागतो, पण नुसता मऊ चालत नाही. जखमेच्या जागी मऊ आणि कमानीखाली ताठ. प्रत्येक पायाचा हिशेब वेगळा."

"आणि ते या रबराने जमतं?"

मॅडमचा चेहरा थोडा उजळला. "हे रबर म्हणजे लांब साखळ्या समजा. प्रत्येक साखळीच्या टोकाला आम्ल आहे. क्षाराचे कण ती टोकं एकमेकांत धरून ठेवतात. सोडियमला एकच हात, पकड सैल. मॅग्नेशियमला दोन हात, दोन्हीकडं धरतं. सोडियम जास्त घातलं की रबर मऊ. मॅग्नेशियम वाढवलं की ताठ. किती वाढवायचं ते सगळं वहीत होतं, एकेका रोग्याच्या नावाने. शुक्रवारच्या मंडळींना पटलं असतं तर चाळीस जणांना तळवे मिळणार होते."

"असतं म्हणता?"

त्यांनी मान खाली घातली. "कासाबाईचा पाय डिसेंबरात फुटला. अंगठा काढावा लागला. दिवाळीत तिला नवी जोडी दिली होती, तिनंच घात केला. दवाखान्यात ते तळवे जाळून टाकले. म्हणजे माझंच प्रमाण चुकलं असणार. मी शनिवारी सरांना सांगितलं होतं, मंगळवारी दिवाळीची पानं काढून बसते आणि चूक सापडली तर हे काम बंद करते."

"कोणत्या सरांना?"

"दत्तराव सरांना. आश्रुबा सर पण होते."

किशनरावांनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला. कालपासून त्यांना काहीतरी टोचत होतं आणि ते कुठे टोचतंय ते सापडत नव्हतं. उठले, खिडकीपाशी गेले, परत टेबलापाशी आले. टेबलावर तुटलेल्या पट्टीचे दोन तुकडे पडले होते. एक उचलून त्यांनी अंगठ्याने दाबला, आणि अंगठा रुतत गेला.

"मॅडम," ते म्हणाले, "सांधा नऊशेला तुटला हे सगळे सांगायलेत. सांधा सोडून पट्टीची बाकीची बाजू किती पेलते, ते कुणी पाहिलं का?"

मॅडमनी वर पाहिलं. कुणीच पाहिलं नव्हतं.

५

तीस वर्षांत किशनरावांनी एकाही दुकानात आधी माल मोजला नव्हता. ते आधी तराजू तपासत. रिकामी पारडी समान आहेत का बघत. आणि काल मात्र दोस्ताच्या शब्दावर इतबार ठेवून त्यांनी तराजू न तपासताच माप मान्य केलं होतं. टोचत होतं ते हेच.

त्यांनी तुकडा टांगला, पारडं बांधलं, एकेक वजन टाकायला लागले. पाचशे, सातशे, हजार. चार किलो पेलायला हवी होती पट्टी. बाराशेला तिने मान टाकली.

पारडं खाली आदळलं. पंचफुलामॅडम उभ्या राहिल्या.

"ही मॅग्नेशियमची नाहीच," त्या हळू म्हणाल्या. "शनिवारी मी कासाबाईच्या नव्या तळव्याचं मऊ रबर केलं होतं. थोडं उरलं, निघायच्या घाईत तेच दाराला लावलं आणि विसरून गेले. तक्ता तर ताठ रबराचा आहे."

"मऊ रबर सांधायला किती वेळ घेतं?"

"लवकर सांधतं. सैल पकडीचे हात, लवकर सुटतात, लवकर नवे धरतात. किती लवकर, ते वहीत होतं."

"वही नाही तर नाही. रबर आहे ना?"

मॅडमनी तिथंच मऊ रबराच्या सहा पट्ट्या ओतल्या. सायंकाळी चारला त्या कापून, कडा जुळवून, दोन वह्यांच्या मध्ये दाबून ठेवल्या. आता उद्यापर्यंत वाट बघण्याशिवाय काही नव्हतं, आणि वाट बघणं किशनरावांना कधीच जमलेलं नव्हतं.

ते कचेरीत गेले. माणिकराव कारकून पानाला चुना लावत होते.

"सोमवारी प्रयोगशाळेची किल्ली कुणी नेली होती?"

"सोमवारी? पोरं आलीच न्हाईत, गाड्या बंद. आश्रुबा सर अकराला घेऊन गेले, पुस्तक राहिलंय म्हणाले. बाराच्या आत दिली आणून. मग दीडला दत्तराव सरांनी नेली, तीनला दिली. पण चोरी तर शनिवारची ना सायब?"

किशनराव बाहेर पडले. कॉलेजच्या फाटकाशीच आश्रुबा भेटला. सायकलला टेकून उभा होता, जसा काही त्यांचीच वाट बघत होता.

"तुम्ही माझ्या मागं लागलाव, मालूम आहे मला," तो म्हणाला. "मी नामांतराच्या विरोधात आहे, ते लपवत नाही. त्या वहीवरून मॅडमशी माझं भांडण झालं, ते पण खरं. प्रबंधासाठी मला तिची नक्कल पाहिजे होती, त्यांनी दिली नाही. म्हणून मी चोर?"

"सोमवारी अकराला कशाला आला होतास?"

"पुस्तक न्यायला." त्याने पिशवीतलं पुस्तक काढून पुढे केलं. त्यावर मुदत वाढवल्याचा ग्रंथालयाचा सोमवारचा शिक्का होता. "कपाटाकडं बघितलंसुद्धा नाही. पण तुम्हाला कोण सांगणार की मी खरं बोलायलोय?"

६

संध्याकाळी दत्तराव नेहमीप्रमाणे फिरायला बोलवायला आले. दोघं सेलू रोडने निघाले. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. समोरून एक जीप आली, आतल्या माणसांनी यांच्याकडे रोखून पाहिलं आणि पुढे गेली.

"मुंजाजी बायको-लेकरांना धाडायलाय," किशनराव म्हणाले.

"वाईट झालं," दत्तराव म्हणाले. "पण त्याच्यावर काही खटला वगैरे करायचा नाही, असं मी प्राचार्यांना सांगणार आहे. वही गेली ती गेली. प्रकरण मिटवावं."

"मला एक कळत नाही दत्ता. मुंजाजीने पट्टी इतकी सरळ कशी कापली? हात कापला नाही, कड फाटली नाही."

"त्यात काय? ब्लेड लावली की लोण्यासारखी सुटते ती. जोर लावावाच लागत नाही."

किशनरावांचं पाऊल पडता पडता थांबलं. लगेच त्यांनी ते टाकलं. पुढचा मैलभर ते ज्वारीच्या भावाबद्दल बोलत राहिले. काय बोलले ते घरी आल्यावर त्यांना आठवेना.

गुरुवारी सकाळपासून ते मॅडमच्या सोबत पारड्यापाशी उभे होते. सकाळी आठला, म्हणजे सोळा तासांनी, पहिली पट्टी आठशेला तुटली. बाराला, वीस तासांनी, दुसरी तुटली ती नऊशेला. दुपारी तीनला, तेवीस तासांनी, तिसरी साडेनऊशेच्या थोडं अलीकडे. मंगळवारी सकाळी दहाच्या मागे वीस तास मोजले की सोमवार दुपारचे दोन होत होते.

"म्हणजे मुंजाजी सुटला," मॅडम म्हणाल्या. "तो तर परभणीत होता."

"सुटला."

"आणि दोन वाजता खोलीत," त्या थांबल्या. पुढचं नाव त्यांच्याच्याने घेववेना. पाच वर्षांमागे हा कोपरा, हे कपाट, पुण्याहून आणलेला रबराचा पिंप, सगळं दत्तरावांनीच त्यांना मिळवून दिलं होतं. "नाही. अकरा आणि दोन, तीनच तासांचा फरक. सांधा चाळीस-पन्नास ग्रॅम इकडं-तिकडं तुटू शकतो. एवढ्यावरून तुम्हाला कुणाचं नाव घेता येणार नाही."

"नाही येणार," किशनराव म्हणाले. "वजनाने नाहीच. म्हणून तर मला ताठ रबराची एक पट्टी पाहिजे. आणि एक ब्लेड."

७

दत्तराव साडेचारला आले. किशनरावांनी ताठ पट्टी टेबलावर ठेवली आणि ब्लेड त्यांच्या हातात दिली. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या.

"काप बरं ही."

दत्तराव हसले. ब्लेड लावली. ती वरच्यावर घसरली. जोर दिला, कड खरवडली. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी रेटली, तेव्हा ब्लेड वाकली आणि पट्टी अर्धीच चिरली.

"ही मॅग्नेशियमची दिसते," ते म्हणाले.

"हो. तुझ्या हिशेबाने कपाटावर हीच होती ना? हिचाच तक्ता लावून तू शनिवार काढलास. आणि काल चालताना म्हणालास, लोण्यासारखी सुटते. दत्ता, ताठ पट्टी लोण्यासारखी सुटत नाही. कपाटावरची पट्टी मऊ होती. मॅडमनी ती शनिवारी बाराला लावली, कुणाला सांगितलं नाही. मंगळवारी तू ती एका टोकाला सोडवलीस, मधे कापली नाहीस. मग ती कापताना कशी लागते हे एकालाच ठाऊक असणार."

दत्तरावांनी ब्लेड खाली ठेवली. स्टूल ओढून बसले.

"दिवाळीत पंचफुला आईच्या दुखण्याने गावी होती," ते म्हणाले. "कासाबाईची जोडी करायची राहिली होती. म्हटलं, तिच्याच वहीतल्या प्रमाणाने मी करतो. बाटल्या शेजारी-शेजारी होत्या. सोडियमच्या ऐवजी मी मॅग्नेशियमची उचलली. वहीत तसंच लिहिलं, माझ्या अक्षरात, सहीसकट. लिहिताना पण लक्षात आलं नाही. डिसेंबरात तिचा अंगठा काढला असं ऐकलं, तेव्हा पान उघडून बघितलं."

मॅडम खिडकीपासून पुढे आल्या. "सर, महिना झाला. महिनाभर मी म्हणायले की माझंच प्रमाण चुकलं. तुम्ही समोर बसून ऐकत होता."

"दोन वर्षं राहिलीत नोकरीची. बत्तीस वर्षांत माझ्या हातून कुणाला खरचटलं नव्हतं. शनिवारी तू म्हणालीस, मंगळवारी पानं काढते. मला झोप लागेना. सोमवारी कापताना हाताला मऊ लागली, तेव्हा कळलं की उद्यापर्यंत हिचा सांधा चांगला भरेल आणि ताठ तक्त्यावर तो जुना दिसेल. मला फक्त शनिवार पाहिजे होता, किशन. शनिवारी मी तुझ्याबरोबर होतो. मुंजाजीचं नाव मी घेतलं नाही."

"घ्यायची गरजच ठेवली नाहीस तू. आणि माझ्या तोंडून वदवून घेतलंस." किशनरावांनी वाकलेली ब्लेड उचलून बाजूला ठेवली. "तुला दुसरा कुणी तपासणारा मिळाला नाही?"

"मला वाटलं, तू आकड्यावर विश्वास ठेवशील."

"तुझ्यावर ठेवला."

वही दत्तरावांच्या घरी, धान्याच्या कोठीत होती. त्यांनी ती जाळली नव्हती. का नाही जाळली, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की दोनदा चुलीपर्यंत नेली, पण चाळीस नावं होती आत.

८

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. किशनरावांनी दत्तरावांना एकच अट घातली होती. जे सांगायचं ते त्यांनी स्वतः सांगायचं, आणि मुंजाजीच्या समोर.

दत्तरावांनी सांगितलं. काही गाळलं नाही. आश्रुबा मान खाली घालून ऐकत होता. शनिवार त्यानेच मोजून दिला होता.

मुंजाजी दारापाशी उभा राहून ऐकत होता. झालं तेव्हा तो म्हणाला, "सर, माझं नाव घेतलं न्हाई म्हणलाव. मग आता घ्या. मुंजाजी चोर न्हाई, असं नाव घेऊन म्हणा. हितं न्हाई. भायेर, समद्यांच्या मोर."

बाहेर ओसरीवर पोरं, शिपाई, किराणा दुकानापाशी बोलणाऱ्यांपैकी एक-दोघं असे तीसेक लोक जमले होते. दत्तराव पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा मागच्यांना ऐकू गेलं नाही. मग किशनराव त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि शनिवार हा आपलाही चुकीचा शब्द होता, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं. सांगितल्यावर आठवड्यात पहिल्यांदा त्यांना कुठे चालत सुटावंसं वाटलं नाही.

पुण्याची मंडळी दुपारी आली. पंचफुलामॅडमनी वही उघडली ती दिवाळीच्या पानावरच, आणि कासाबाईच्या अंगठ्यापासून सांगायला सुरुवात केली. मंडळींनी चाळीस जोड्या मंजूर केल्या. अट एवढीच घातली की प्रत्येक मिश्रण दोघांनी तपासून सही करायची. दुसरी सही कुणाची, असं त्यांनी विचारल्यावर मॅडमनी मुंजाजीचं नाव दिलं. दत्तरावांनी त्याच दिवशी राजीनामा लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला.

पुढच्या रविवारी ते राणीसावरगावला गेले. एकट्याने जायची छाती होईना, म्हणून किशनराव सोबत गेले.

कासाबाई गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यात पाला टाकत होती. साठीची, काटक बाई. डाव्या पायाला पांढरं फडकं गुंडाळलेलं होतं. तिने दोघांना घोंगडी टाकून दिली, लोटाभर पाणी आणून ठेवलं आणि समोर मातीत बसली. दत्तराव घोंगडीवर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी बाटलीचं सांगितलं, वहीचं सांगितलं, महिनाभर गप्प राहिल्याचं सांगितलं.

कासाबाईने सगळं ऐकून घेतलं. एक कोकरू येऊन तिच्या फडक्याला तोंड लावायला लागलं, त्याला तिने हाताने बाजूला केलं.

"त्या चपला घालून मी म्हैनाभर हिंडले," ती म्हणाली. "रगत यायचं, पण मला काय कळायचं न्हाई. पायच तसा हाय माझा, सायब." तिने मान वर करून दत्तरावांकडे पाहिलं. "तुमाला तर कळत व्हतं."